पिंजरे कमी पडतायत? आधी मागणीचा अर्ज बदला

चार लॅब मिळून एकच उंदीरघर, पिंजऱ्यांवरून रोज कुरबूर, आणि प्रजनन प्रत्येकानं आपापलं करावं की एका टीमकडे सोपवावं, हा तुमचा प्रश्न. एका टीमकडेच द्या. मात्र मागणी कशी नोंदवायची ते आधी ठरवा, नाहीतर सगळी भांडणं त्या टीमच्या दारात येतील.

‘पुढच्या महिन्यात आठ आठवड्यांचे उंदीर हवेत’ ही मागणीच नव्हे. जोडी जमायला आठवडाभर, गर्भाचे तीन आठवडे, आईपासून वेगळं करेपर्यंत तीन, मग आणखी पाच, झाले १२. शिवाय दोन्ही पालक हेटरोझायगस (बदललेल्या जनुकाची एकच प्रत असलेले) असतील तर चारांत एकच पिल्लू होमोझायगस (दोन्ही प्रती बदललेलं), आणि फक्त माद्या हव्या असतील तर आठांत एक. म्हणजे १२ माद्यांसाठी शंभरेक पिल्लं! उरलेल्यांचं काय, हे एथिक्स कमिटी विचारणारच. होमोझायगस नर धडधाकट असेल आणि त्याला पिल्लं होत असतील, तर तो हेटरोझायगस मादीबरोबर लावा. प्रमाण दुप्पट होतं. हे गणित अर्जातच मांडायला लावा. बरेच अर्ज तिथेच आटोपशीर होतात.

जागा खरी अडते ती ‘कधीतरी लागेल’ म्हणून जपलेल्या लाइन्सनी, म्हणजे ठरावीक जनुकीय बदल असलेल्या उंदरांच्या वंशांनी. वर्षभर प्रयोग नसलेल्या लाइनचे शुक्राणू गोठवा. एक स्ट्रॉ (गोठवलेल्या शुक्राणूंची बारीक नळी) वितळवून आयव्हीएफनं भ्रूण होतात का पाहा, मगच शेवटची जोडी काढा. एकाच उंदरात तीन-चार म्युटेशन्स जुळवलेली असतील तर भ्रूणच गोठवा. शुक्राणूंबरोबर निम्माच संच येतो, आणि तो जुळवत बसण्यात पुन्हा कित्येक पिढ्या जातात.

पिंजऱ्याच्या कार्डावर नुसतं ‘बी६’ (सी५७बीएल/६ हा उंदरांचा वाण) चालवून घेऊ नका. त्याचे ६जे आणि ६एन हे उपवाण वेगळे: जेमध्ये एनएनटी जनुक बिघडलेलं, एनमध्ये डोळ्याच्या पडद्यावर परिणाम करणारं आरडी८ म्युटेशन. एका लॅबनं जेशी बॅकक्रॉस (पिढ्यानपिढ्या त्याच वाणाशी संकर) करायचं आणि दुसरीनं कंट्रोल (तुलनेचे उंदीर) म्हणून एन वापरायचे, तर दिसलेला फरक कशाचा ते कोण सांगणार?

प्रोसीजर रूमला, म्हणजे उंदरांवर प्रयोग होतात त्या खोलीला, नियम एकच, पण कडक. तिथे गेलेला उंदीर प्रजनन कक्षात परत येत नाही. ‘फक्त वजन करून आणतो’ म्हणणाऱ्यांसाठी वजनकाटा प्रजनन कक्षातच ठेवा.