नखं कापायची म्हटली की रडारड

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा. नेलकटर दिसला की पळतो, शर्टाचं लेबलही टोचतं म्हणतो. दोघांनी धरून नखं कापावी लागतात. हा हट्ट का?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : बहुधा हट्ट नाही. काही मुलांना हलका स्पर्श झोंबतो, घट्ट दाब मात्र बरा वाटतो. धरून कापलं की भीती वाढते, पुढच्या वेळी तो आणखी लांब पळतो.

आधी 10 मिनिटं कणीक मळायला द्या, जरा घट्टच. मग आंघोळ, म्हणजे नखं मऊ पडतात. बोटाचं टोक 5 आकडे मोजत दाबा आणि तसंच धरून नख कापा. बोट सैल धरलं की पातं गुदगुल्यांसारखं लागतं, हात ओढला जातो तो तिथंच! दिवसाला 2 नखं पुरेत. आधी कुठलं बोट, हे त्यानं सांगायचं. लेबल कापू नका, उसवा. कापलेली कड जास्त टोचते.

व्हिडिओ पाहून ब्रशनं अंग घासणं, वजनदार पांघरूण घालणं नको. ते ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या कामांत येणाऱ्या अशा अडचणींवर उपचार करणारा तज्ज्ञ) सांगेल तेव्हाच. जेवण, झोप, शाळा इथंही अडत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून तपासणी करून घ्या. मिरवणुकीत ढोल वाजला की कान झाकतो का, हेही त्यांना सांगा, म्हणजे आवाजही झोंबतो का ते कळेल.