वांगणीचा फ्लॅट की करी रोडची भाड्याची खोली?

या वेळी चार पत्रं घेतलीयेत, चारही घराबद्दलच. पहिल्याचं उत्तर लांबलंय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न: ताई, मी २९ वर्षांचा. करी रोडला भाड्याच्या खोलीत आईबाबांसोबत राहतो, बाबा मिलमध्ये होते. मी लोअर परळला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, चालत जातो. डिसेंबरात लग्न आहे. वांगणीला वन बीएचके बजेटमध्ये बसतोय, एजंट म्हणतो आत्ता बुक केलात तर पार्किंग फ्री (गाडी नाहीये माझ्याकडे). घरचे म्हणतात भाड्यात पैसे घालवू नकोस. काय करू?
— एक वाचक, करी रोड

उत्तर: तुला अरेतुरे करते, माझ्या मुलाच्या वयाचा आहेस. आधी कॅल्क्युलेटर काढ. वांगणी म्हणजे सीएसएमटीपासून ८० किलोमीटरच्या आसपास, बदलापूरच्याही पुढे, म्हणजे बदलापूर लोकल तुझ्या कामाची नाही, कर्जत-खोपोलीचीच पकडायची आणि ती सुटली की प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं. घर ते ऑफिस जाऊन-येऊन चार तास धर, महिन्याला २५ दिवस, झाले १०० तास. एजंटच्या कोटेशनमध्ये हे १०० तास कुठेच लिहिलेले नसतात, पण घराच्या किमतीत ते आहेतच, दर महिन्याला, हप्त्यासारखे, आणि लोन फिटलं तरी ते फिटत नाहीत.

आणि मग प्रश्न पडतो की तुझ्या ऑफिसच्या शेजारी तुला परवडेल असं घर का नाही. त्याचं उत्तर बाबांना विचार, त्यांना जास्त ठाऊक असेल. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमांत असं होतं की गिरणीची जागा विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाकडे. २००१ मध्ये सरकारने नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची ठेवली. आता गिरणीत रिकामी जमीन किती असणार हो, सगळीकडे शेडच! हायकोर्टाने २००५ ला लोकांच्या बाजूने निकाल दिला, सुप्रीम कोर्टाने २००६ ला तो फिरवला. म्हणून परळला मॉल आला, टॉवर आले, आणि तुझं वांगणी आलं. गंमत बघ, सरकारने गिरणी कामगारांना घरं द्यायला शेलू-वांगणीच काढलंय, आणि जुलै २०२५ मध्ये कामगार आणि वारस आझाद मैदानात हेच सांगायला जमले होते की आम्हाला मुंबईत द्या. बाबांनी गिरणी कामगारांच्या घराचा फॉर्म भरलाय का ते आजच बघ.

माझं मत विचारशील तर, आत्ता बुक करू नकोस. भाडं म्हणजे पैसे वाया, हे आपल्याकडे इतकं मुरलंय की भाड्याची चांगली घरं बांधावीत असं सरकारलाही वाटेनासं झालंय. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली, मालकांनी भाड्यासाठी बांधणंच सोडलं, आणि १९९९ चा नवा कायदा येईपर्यंत चाळी टेकूवर उभ्या राहिल्या. व्हिएन्नामध्ये महापालिकेची स्वतःची सव्वादोन लाखाच्या आसपास भाड्याची घरं आहेत आणि तिथे भाड्याने राहतो म्हणून कोणी लग्नाला मुलगी देत नाही असं होत नाही. आपल्याकडे ते नाही, हे मान्य. तरी दोन-तीन वर्षं भाड्याने काढ आणि म्हाडाच्या कोकण मंडळाच्या लॉटरीत २० टक्के योजनेतली घरं निघतात तिकडे अर्ज करत राहा. ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर बिल्डरला छोटी घरं काढून द्यावी लागतात, ती ही. ठाणे-कल्याणकडे मिळालं तर तुझे महिन्याचे ५० तास तरी वाचतील.

आणि एक राहिलंच, होणाऱ्या बायकोची नोकरी कुठे आहे ते तू लिहिलंच नाहीस. तिला विचारलंस का?

प्रश्न: बिल्डर ४५० स्क्वेअर फुटांचं घर म्हणाला, मी सँपल फ्लॅटमध्ये टेप लावली तर ३१० भरलं. ही फसवणूक की मलाच मोजता येत नाही?
— एक वाचक, चाकण

उत्तर: मोजता येतंय तुम्हाला. जिना, लॉबी, लिफ्टचा डक्ट सगळं अंगावर टाकून सांगितलेला आकडा आहे तो. रेरा कायद्यात घर विकायचं ते कार्पेटवर, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेवर, त्यात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची धरत नाहीत. अॅग्रीमेंटमध्ये कार्पेट किती लिहिलंय तेवढंच खरं, ब्रोशरला रद्दीचा भाव. अॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त मागत असतील तर देऊ नका, आणि प्रकल्पाचा महारेरा नंबर महारेराच्या वेबसाइटवर टाकून स्वतः बघा, सेल्सवाल्याच्या मोबाईलवर नको.

प्रश्न: रस्त्याच्या कामात आमची झोपडी गेली, बदल्यात मानखुर्दकडे बिल्डिंगमध्ये घर मिळालं, दुसरा मजला. पक्कं घर, स्वतःचा संडास, पाणी, सगळं आहे. पण दुपारी १२ लाही लाईट लावावी लागते आणि आजी खाली उतरतच नाही. घरात दोघांना टीबी होऊन गेला. लोक म्हणतात नशीब.
— एक वाचक, मानखुर्द

उत्तर: नशीब नाही, नकाशा आहे. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या लोकांनी केला, त्यात हेच दिसलं की दोन बिल्डिंगमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, हवा नाही, आणि टीबी तिथेच जास्त. मी प्लॅनर म्हणून नोकरीत असताना अशा गल्लीत उभी राहिलेय, वर बघितलं तर आकाशाची नुसती नाडी दिसते, आणि खाली इतका कचरा की वास नको म्हणून लोक खिडक्या बंदच ठेवतात, म्हणजे होती ती हवाही गेली.

तुलनेला बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघून या, आजीला घेऊन जा. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी केलं, त्यात कमी उत्पन्नवाल्यांचीही घरं, सातेक घरं मिळून आठ बाय आठ मीटरचं एक अंगण, आणि कुठल्याही घराची भिंत दुसऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नाही, म्हणजे पैसे आले की शेजाऱ्याला न विचारता खोली वाढवता येते. मी गेले तेव्हा एका अंगणात पापड वाळत होते, एक बाई पायरीवर बसून शेजारणीच्या नातवाला भरवत होती. बऱ्याच जणांनी जुनी कौलं काढून आरसीसी चढवलंय, कोरिया यांना आवडलं असतं की नाही माहीत नाही, पण अंगणं अजून वापरात आहेत. आजी खाली उतरत नाही कारण खाली बसायला पायरीच नाही.

नकाशा आता बदलणार नाही. पण मधल्या गल्लीतला कचरा उचलायला वॉर्ड ऑफिसला सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या, खिडकीच्या बॉक्स ग्रिलमधलं सामान काढा, आणि गच्चीचं कुलूप सकाळी दोन तास तरी म्हाताऱ्या माणसांसाठी उघडायचा ठराव करा. कोणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासा, फुकट आहे.

प्रश्न: एफएसआय डबल करून टाका, घरं आपोआप स्वस्त होतील. एवढी साधी गोष्ट तुम्हा प्लॅनर लोकांना का कळत नाही?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर: कळते हो, पण अर्धीच खरी आहे. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा. तो वाढला की जमिनीचा भावही त्याच दिवशी वाढतो, आणि वाढलेल्या मजल्यांवर कोण राहणार हे एफएसआय सांगत नाही. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक असलेले शिरीष पटेल शेवटपर्यंत हेच सांगत राहिले की मजले मोजू नका, माणशी रस्ता किती, मैदान किती ते मोजा. मॅनहॅटनचे टॉवर आपल्याला दिसतात, तिथले रुंद रस्ते दिसत नाहीत. तुमच्या गल्लीत आज कचऱ्याची गाडी आली की रिक्षा मागे घ्यावी लागते ना, तिथे माणसं डबल करून बघा.

मुंबईच्या २०१५ च्या डीपीच्या, म्हणजे विकास आराखड्याच्या मसुद्यात काही स्टेशनांभोवती ८ पर्यंत एफएसआय सुचवला होता. त्या मसुद्यात इतर घोळही भरपूर होते, हजारो लोकांनी हरकती लिहिल्या आणि एप्रिलमध्ये सरकारला तो बाजूला ठेवून नव्याने करा म्हणावं लागलं. म्हणून पुढच्या वेळी तुमच्या वॉर्डाचा नकाशा लागला की जाऊन बघा. हरकत लिहिताना 'आमच्यावर अन्याय झाला' असं दोन पानं लिहू नका, जमिनीचा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर टाका, मैदान-शाळेसाठी राखलेल्या जागेचं कुठलं आरक्षण हललं ते टाका, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.