कार्ड एक पायरी खाली घ्या, एसएमपीएस एक पायरी वर

तुमचा प्रश्न असा आहे: इंदुरातच राहता, गेमिंगसाठी पीसी जोडताय, फोर-के मॉनिटर घेऊन झालाय, प्रोसेसर रायझन ७ ९८००एक्स३डी ठरलाय, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०८० धरलंय. आता एसएमपीएस (भिंतीतली वीज घेऊन पीसीच्या भागांना पुरवणारा डबा), कॅबिनेट आणि यूपीएसमध्ये काटकसर केली तर ५०८० च्या जागी त्याहून वरचं ५०९० बसेल का?

बिलात बसेल. तरी घेऊ नका.

"एसएमपीएसचे पैसे काढून कार्डात टाकू" हे वाक्य मी आमच्याच घरात ऐकलंय. त्यावरून माझं आणि माझ्या आतेभावाचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, वाचून घ्या.

२०२२ चा उन्हाळा. कार्डांवर क्रिप्टो मायनिंग करणाऱ्यांचा जोर ओसरला होता, कार्डांचे भाव उतरत होते. या आतेभावाने, म्हणजे दादाने, मुलाला बारावीनंतर पीसी कबूल केला होता. ओळखीच्यांना पीसी जोडून द्यायची मला आवड आहे, म्हणून यादी मी केली: ३०७० कार्ड, नावाजलेल्या कंपनीचा ७५० वॅटचा गोल्ड एसएमपीएस, पुढून जाळी असलेलं कॅबिनेट, आणि सगळ्यात खाली एक ओळ, 'वरच्या खोलीत अर्थिंग करून घेणे'. दादा ती यादी घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने आपल्या इंदुरी थाटात सांगितलं, "अरे भिया, ये साढ़े आठ सौ वॉट का ले जाओ, आधे में आएगा, बचे पैसे में ऊपर वाला कार्ड." दादाला ते तिथल्या तिथे पटलं. मी फोनवर विरोध केला तर म्हणाला, "त्या डब्यात काय ठेवलंय? त्यावर गेम चालतो का?" ज्या माणसाच्या घरात फ्रिजला वेगळा स्टॅबिलायझर आणि एसीला वेगळा, तो हे बोलत होता. ३०७० चं ३०८० झालं, जाळीच्या जागी पुढे सबंध काच आली, आत रंगीत दिव्यांचे पंखे आले. अर्थिंगच्या ओळीकडे कुणी बघितलंही नाही.

घर रामबागेतलं, जुनं. पीसी ठेवला गच्चीला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत. मालव्याच्या रात्री थंड असतात हे खरं, पण मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की ती खोली रात्री अकरापर्यंत निवत नाही.

मशीन दिसायला देखणं होतं. ब्राउझर, यूट्यूब, हलके गेम, सगळं सुरळीत. मोठा गेम लावला की थोड्या वेळात खट्कन बंद. निळा स्क्रीन नाही, अडकणं नाही, पंख्यांसकट अंधार, आणि परत आपोआप सुरू. मग जे व्हायचं ते झालं. विंडोज नवीन टाकलं. रॅम बदलून पाहिली. शेवटी दुकानदाराने कार्डावर बोट ठेवलं आणि ते वॉरंटीला गेलं. पोराची सुटी त्यातच संपली. कार्ड परत आलं, सोबत शेरा: दोष आढळला नाही. लावलं, आणि पहिल्याच संध्याकाळी पुन्हा तेच.

मला बोलावलं ते पुतण्याने, दादाने नाही.

मी आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. कर्नल-पॉवर ४१ च्या नोंदींची रांग, आणि प्रत्येकीत बगचेक कोड शून्य. विंडोज स्वतः कोलमडलं असतं तर तिथे काहीतरी आकडा दिसला असता. शून्य म्हणजे विंडोजला कळायच्या आत वीज गेली. मग पायातली चप्पल काढून कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला बोटाची उलटी बाजू लावली. बारीक झिणझिण्या. पुतण्या म्हणाला, "काका, ते तर पहिल्यापासून येतं." टेस्टर लावला, दिवा पेटला. मल्टीमीटरवर फेज-न्यूट्रल व्यवस्थित, अर्थच्या भोकात काहीच नाही. मेन बंद करून बोर्ड उघडला तर तिसऱ्या पिनच्या मागे वायरच नव्हती. जुन्या पाइपातून दोनच वायरी वर आल्या होत्या आणि त्यावर कुणीतरी तीन पिनचं नवं सॉकेट बसवून दिलं होतं.

झिणझिण्या का येतात? एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थ असेल तर तिथली गळती जमिनीत जाते. नसेल तर अख्खं कॅबिनेट निम्म्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास, लोंबकळत राहतं. त्यातला करंट नगण्य असतो, माणूस मरत नाही. पण आत खरोखर काही शॉर्ट झालं तर फ्यूज उडवायला वाटच उरत नाही, आणि टीव्हीची एचडीएमआय चालू मशीनमध्ये खुपसली की पोर्ट जायची भीती असते.

हे झालं अर्थिंगचं. बंद पडण्याचं कारण वेगळं होतं आणि ते एसएमपीएसच्या कडेला छापलेलंच होतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात ८५०. स्टिकरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली ४५ अँपिअर. गुणाकार करा: ५४० वॅट. प्रोसेसर आणि कार्ड, दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे तुमच्या कामाचा आकडा तेवढाच. चांगल्या ८५० वर तिथे ७० अँपिअर लिहिलेले असतात. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या ओळींतून बेरीज करून फुगवलेले. ३०८० चं काम ३२० वॅटचं, पण काही मिलिसेकंदांसाठी ते सहज दीडपट ओढतं. त्यात प्रोसेसर, त्यात पत्र्याखालची खोली. स्वस्त एसएमपीएसचे आकडे २५ अंशांवरचे असतात, चांगल्यांचे ४० किंवा ५० वरचे. 'गोल्ड'चा शिक्का देणारी ८० प्लसची चाचणीसुद्धा २३ अंशांवर होते आणि ती फक्त वीज किती वाया जाते एवढंच सांगते, म्हणून नुसतं 'गोल्ड' वाचूनही भुलू नका.

मी घरून माझा एसएमपीएस नेऊन लावला. तेच कार्ड, तीच खोली, तोच उकाडा. मशीन रात्रीपर्यंत एकदाही बंद पडलं नाही. दादा जिन्यात उभा राहून म्हणाला, "कार्ड बदलून आलं म्हणून चाललं." मी बिल काढून कार्डावरचा सीरियल नंबर जुळवून दाखवला, कार्ड तेच होतं. मग म्हणाला, विंडोज नवीन टाकलं म्हणून. आजही लग्नकार्यात विषय निघाला की "त्या वेळी कार्डच खराब लागलं होतं" असं तो चारचौघांत सांगतो. कार्ड खराब नव्हतं. पुतण्याने पुढे स्वतःच्या स्टायपेंडमधून नीट एसएमपीएस घेतला, आणि तेच ३०८० अजून चालतंय.

आता तुमचं. ५०८० म्हणजे ३६० वॅट, ५०९० म्हणजे ५७५. २०२५ मध्ये जाहीर झालेली किंमतच दुप्पट होती: ९९९ डॉलर आणि १९९९. ५०९० साठी ही कार्डं काढणारी कंपनी एनव्हिडिया किमान १००० वॅटचा एसएमपीएस सांगते, ५०८० साठी ८५०. म्हणजे तुम्ही जिथून पैसे काढू म्हणताय, ५०९० घेतल्यावर तिथेच जास्त टाकावे लागणार. पूर्ण मशीन सातशे-आठशे वॅट ओढेल आणि ते सगळे उष्णता होऊन तुमच्याच खोलीत येतील, मे महिन्यात हीटर लावून बसल्यासारखं. ५०८० घ्या. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारी एनव्हिडियाची सोय) लावून फोर-के उत्तम चालतं.

एसएमपीएस एटीएक्स ३.१ या नव्या मानकाचा घ्या, १००० वॅट. एटीएक्स ३ च्या पिढीपासून १०० मायक्रोसेकंदांपुरता रेटिंगच्या दुप्पट भार झेलायची अट आहे. आमच्याकडे जे झालं ते याच झटक्यांमुळे. कार्डाची केबल एसएमपीएससोबत आलेली, थेट १२व्ही-२एक्स६ कनेक्टरची हवी. ती शेवटपर्यंत दाबा, कनेक्टरला लागून मुरडू नका. मागच्या पिढीतल्या ४०९० चे कनेक्टर वितळले त्यातले बरेच पूर्ण न बसल्यामुळे वितळले होते. कॅबिनेटची काच बाजूला चालेल, पुढे नाही. पुढे जाळी आणि धुळीचा फिल्टर.

बाकी भरभर सांगतो. ९८००एक्स३डी ला बी८५० चिपसेटचा मदरबोर्ड पुरे, एक्स८७० वर उधळू नका. दोन टॉवरचा चांगला एअर कूलर पुरतो, प्रोसेसर १२० वॅटचा आहे. रॅम डीडीआर५-६००० सीएल३०, दोनच काड्या, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, आणि बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर महागडी रॅम साध्या वेगाने चालेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. चार काड्या भरल्या की वेग खाली येतो. एसएसडी जेन ४. जेन ५ नुसता तापतो, गेममध्ये फरक कळत नाही.

स्टॅबिलायझर घेऊ नका. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्ट स्वतः सांभाळतो. यूपीएस घ्या, पण साइन वेव्हचा, आणि त्यावरचा वॅटचा आकडा बघा, व्हीएचा नाही. १००० व्हीए लिहिलेला बहुतेक ६०० वॅटचाच निघतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर मागचा खटका यूपीएस मोडवर हवा. वीज गेल्यावर एसएमपीएस पूर्ण भारावर १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो, साध्या मोडमधला इन्व्हर्टर तेवढ्यात येत नाही.

आणि दुकानात जायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत आकडा हवा. पण तेवढ्यावर समाधान मानू नका, बोर्ड उघडून बघायला लावा, कारण काही इलेक्ट्रिशियन न्यूट्रलचीच वायर वळवून अर्थच्या पिनला जोडतात. तेव्हा मीटर शून्य दाखवतो आणि सगळे खूश होतात. ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी कॅबिनेटवर पूर्ण २३० येतील. असं करणाऱ्याला पैसे न देता घालवा. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घाला. आपली काळी माती वाळून भेगाळली की अर्थिंग कागदावरच राहतं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या इथे. तुमचा फ्लॅट नवा असेल तर वायरिंग बहुधा ठीक असेल, तपासणी तरी कराच. गेमिंगसोबत थ्रीडी रेंडरिंग किंवा एआय मॉडेल चालवणार असाल तर हिशेब बदलतो, कारण ५०८० वर १६ जीबी मेमरी आहे आणि ५०९० वर ३२. मग ५०९० घ्या, पण १२०० वॅटच्या एसएमपीएससह आणि एसीच्या खोलीत, कॅबिनेटमध्ये काटकसर न करता. आणि स्वस्त एसएमपीएस प्रत्येक वेळी बंदच पडतो असं नाही, साध्या ऑफिसच्या पीसीत तो वर्षानुवर्षं चालतो. तुमचा पीसी ऑफिसचा नाही.

सिल्व्हर मॉलमध्ये दोन-तीन दुकानांतून कोटेशन घ्या आणि प्रत्येकाकडे एसएमपीएसचं मॉडेल नंबरासकट लिहून मागा. 'गोल्ड १००० वॅट' एवढंच लिहून देणाऱ्याकडून काही घेऊ नका. जीएसटीच्या बिलावर सगळ्या पार्टचे सीरियल नंबर हवेत, आमच्याकडे ते होते म्हणून निदान मी कार्ड तेच आहे हे सिद्ध करू शकलो. चांगल्या एसएमपीएसला दहा वर्षांची वॉरंटी मिळते, कार्डाला साधारण तीन. पुढचं कार्ड याच एसएमपीएसवर लागेल. घरात कुणी मोठं माणूस "डब्याला एवढे कशाला" म्हणालं तर त्यांना दोन्ही एसएमपीएसच्या स्टिकरचे फोटो दाखवा आणि १२ व्होल्टच्या ओळीचा गुणाकार त्यांच्याच हाताने करायला सांगा.