बोट घेण्याआधी तिची पावसाळ्यातली जागा बघ

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, फोटोही पाहिले. एकोणीस फुटी फायबरची बोट, मागे 90 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बाहेरून टांगलेलं इंजिन), निळ्या गाद्या, नुकतंच केलेलं पॉलिश. देखणी आहे. तुझा जीव तिच्यावर जडलाय हे ओळीओळीत दिसतं. रेवसच्या लाँचमध्ये नाळेवर, अगदी पुढच्या टोकावर, बसायचा हट्ट धरणारी आठ वर्षांची तू डोळ्यांसमोर आलीस. म्हणूनच घाईने लिहितो आहे. शनिवारच्या आत टोकन देऊ नकोस.

तू विचारलंस, "काका, किंमत बरोबर आहे का?" त्याकडे येतोच. आधी मला सांग, जूनमध्ये ही बोट कुठे असेल?

मुंबईत बोट घेताना पहिला प्रश्न हाच. गेटवेसमोर तुला ज्या बोटी डुलताना दिसतात त्या बोयाला, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेल्या असतात. मालक डिंगीने, म्हणजे छोट्या होडीने, त्यांच्यापर्यंत जातो. ऑक्टोबर ते मे हे ठीक चालतं. मे सरता सरता वारा फिरतो, नैऋत्येची लाट आत यायला लागते आणि गेटवे-मांडवा प्रवासी बोटी बंद होतात त्या थेट सप्टेंबरपर्यंत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, आणि आपला कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाही. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते थांबतात, तर हौसेची बोट पाण्यात ठेवण्यात काय अर्थ? म्हणजे वर्षातले चार महिने ती जमिनीवर हवी, आणि मुंबईत जमीन म्हणजे काय हे तुला सांगायला नको. तुमच्या सोसायटीत दुसरी गाडी लावायला जागा मिळत नाही, तिथे ट्रेलरवरची बोट कोण उभी करू देणार?

मी हे चुकीच्या टोकाने शिकलो. माझी पहिली बोट सतरा फुटी होती. जागा नंतर बघू म्हणून मी ती मे अखेरपर्यंत बोयालाच ठेवली. एका रात्री वळवाचा पाऊस आला. बोटीच्या पोटात पाणी भरत गेलं, ते उपसणारा बिल्ज पंप चालत राहिला, बॅटरी उतरली आणि पंप थांबला. सकाळी धक्क्यावर गेलो तेव्हा फक्त नाळेचं टोक पाण्याबाहेर होतं. बोट वर काढली, पण खारं पाणी प्यालेलं इंजिन पुन्हा कधी धड चाललं नाही. त्या दिवशी तुझे बाबा माझ्याबरोबर चिखलात कमरेपर्यंत उभे होते. त्यांना विचार.

तेव्हा आधी जागा. अलिबागच्या बाजूला, रेवस-मांडव्याकडे, एखाद्याच्या वाडीत पत्र्याखाली जागा मिळते का ते बघ. ती मिळाली की तिथवर बोट नेणार कशी ते बघ. आपल्याकडे उधाणाला भरती पाच मीटरच्या घरात जाते आणि सुकतीला चिखल उघडा पडतो, त्यामुळे उतारावरून ट्रेलर लावायला भरतीच्या आगेमागे थोडाच वेळ मिळतो. एकोणीस फुटी बोट इंजिनासकट ट्रेलरवर ओढता येते. पंचवीस फुटीला बहुधा क्रेन लागते. तुझ्या खिशासाठी खरी मर्यादा ही आहे. एकोणिसाच्या वर जाऊ नकोस, कोणी कितीही स्वस्तात दिली तरी.

आता नवी की जुनी. नव्याचं थोडक्यात सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून हौसेच्या बोटींवर 40 टक्के जीएसटी आहे. दहा लाखांची बोट चौदा लाखांना पडते आणि धक्क्यावरून सुटली की त्यातले वरचे चार लाख परत मिळत नाहीत. खाजगी माणसाकडून जुनी घेतलीस तर हा कर लागत नाही. पहिली बोट जुनीच घे. आणि जमवलेल्या पैशातले दोन तृतीयांशच बोटीत घाल. उरलेला एक तृतीयांश पहिल्याच वर्षात लागेल, कारण जुनी बोट घेतल्यावर काय काय बदलावं लागतं ते पाण्यात गेल्याशिवाय कळत नाही. पुढेही दरवर्षी किमतीच्या दहा टक्के देखभालीला धरायचे असा साधा हिशेब आहे, त्यात खलाशाचा पगार आणि जागेचं भाडं वेगळं.

जुन्या बोटीत तू मुख्यतः इंजिन विकत घेत असतेस. फायबर दुरुस्त होतं, गाद्या शिवून मिळतात, पण बिघडलेलं आउटबोर्ड बदलायचं तर अर्ध्या बोटीची किंमत जाते. शिवाय ही इंजिनं बहुतेक बाहेरून येतात, त्यामुळे सुटा भागही कधी कधी महिनाभर वाट बघायला लावतो. यामाहा, मर्क्युरी, सुझुकी, होंडा, यातलं कोणतंही चालेल. ज्याचा मेकॅनिक मुंबईत बोलावल्यावर येतो, ते चांगलं.

बघायचं काय? आधी मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, जिच्यावर इंजिनाचा सगळा भार असतो. वरून फायबर दिसतं, पण आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी आत शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. नारळ घेताना वाजवून बघतो तशी ती फळी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक, भरीव आवाज आला तर ठीक. कुठे भद्द वाजलं तर तिथे लाकूड गेलंय. मग इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर जोर दे. फळी हलली तर बोट कितीही देखणी असो, मागे फीर. ताज्या पॉलिशची मला धास्ती वाटते ती याचसाठी. बोल्टच्या भोवतीच्या भेगा त्याखाली लपतात.

मग गिअरचं तेल. खालचा स्क्रू थोडा सैल करून थेंबभर तेल बोटावर घे. दुधाळ निघालं तर सील फुटून पाणी शिरलंय. आपल्या बंदरात हे फार होतं. तुटलेल्या जाळ्यांचे धागे पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टभोवती गुंडाळले जातात आणि सील कापतात. पंखा काढायला लाव आणि आत डोकाव. प्लास्टिकच्या पिशव्यांचाही असाच त्रास. पाणी ओढायच्या जाळीवर पिशवी बसली की इंजिन तापतं. म्हणून चालू इंजिनाच्या मागून पाण्याची जी बारीक धार पडते ती सतत बघायची सवय लाव. धार मंदावली की इंजिन बंद कर, पिशवी काढ. पिशवी नसेल तर आतला इम्पेलर, म्हणजे पाणी खेचणारं रबरी चाक, बदलायची वेळ आली असं समज.

कंपनीचा मेकॅनिक लॅपटॉप जोडून इंजिन किती तास चाललंय ते सांगतो. विकणाऱ्याच्या तोंडच्या आकड्यापेक्षा तो आकडा धर. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घे. एकमेकांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. आणि पाण्यात अर्धा तास तरी पळवून बघ. पूर्ण थ्रॉटलला इंजिन पुस्तिकेत दिलेल्या आरपीएमपर्यंत पोचायला हवं. पोचलं नाही तर पंखा चुकीचा आहे किंवा इंजिन थकलंय.

पेट्रोलबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हे तुला कोणी सांगणार नाही. आपल्या पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि बहुतेक आउटबोर्ड कंपन्या आपल्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच चालेल म्हणतात. इथेनॉल दमट हवेतलं पाणी शोषतं. ते प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. गाडीची टाकी आठवड्यात रिकामी होते, बोटीची महिना महिना तशीच राहते. त्यामुळे टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून दहा मिनिटं ठेव. तळाला वेगळा थर दिसला तर टाकी, नळ्या, फिल्टर सगळं साफ करायचा खर्च किमतीतून वजा करायला सांग. पाणी वेगळं करणारा फिल्टर नसेल तर पहिल्या दिवशी बसव. पावसाळ्यात टाकीत पेट्रोल ठेवू नकोस.

कागद. इनलँड व्हेसल्स ॲक्ट, 2021 खाली नोंदणी, सर्वेक्षण (बोटीची तपासणी) आणि विमा लागतो. नोंदणीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जायचं. कागदावरचा इंजिन नंबर आणि इंजिनावरचा नंबर तू स्वतः जुळवून बघ, कर्ज बाकी नाही याचं लेखी घे, आणि बोट बाहेरून आणलेली असेल तर कस्टमची पावती माग. याच मुंबईच्या किनाऱ्यावर 26 नोव्हेंबर 2008 ला रबरी बोटीतून दहा दहशतवादी उतरले होते. बिनकागदाची बोट इथे कोणी खपवून घेत नाही, आणि घेऊही नये. "नंतर करून देतो" म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच दे.

पहिला हंगाम खलाशी ठेव. सासवन्याचा किंवा करंज्याचा कोळी मिळाला तर फार उत्तम. त्याला "दादा" म्हण आणि त्याचं ऐक. डोल जाळी बांधायचे खांब कुठे आहेत, कुलाब्याच्या टोकाजवळच्या प्राँग्सच्या खडकांपासून किती लांब राहायचं, जहाजांच्या वाटेत का थांबायचं नाही, हे त्याला नकाशाशिवाय ठाऊक असतं. गेटवेहून मांडवा जेमतेम आठ सागरी मैल. सकाळी समुद्र निवांत असतो, दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो आणि परतीच्या वाटेवर लाट छातीवर घ्यावी लागते. म्हणून सकाळी लवकर जा आणि वारा उठायच्या आत परत ये. टाकीतल्या पेट्रोलचे तीन भाग धर, एक जायला, एक यायला आणि एक राखून. रेडिओ सोळा नंबरवर, संकटाच्या हाकेच्या चॅनलवर, ठेव, तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर फोनमध्ये घाल.

लाइफ जॅकेट बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात हवं, बाकाखाली नको. 18 डिसेंबर 2024 ला नौदलाची वेगवान बोट इंजिनाच्या चाचणीत ताबा सुटून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा जीव गेले. दुपारचे चार वाजत आले होते, लख्ख उजेड होता. त्या संध्याकाळी मी धक्क्यावर होतो. तुझ्या बोटीत बसणारा कोणीही, पोहता येणारा असो वा तुझा मामा असो, जॅकेट घातल्याशिवाय दोर सोडायचा नाही. इंजिन बंद करणारी ती लाल दोरीही तुझ्या मनगटाला हवी.

किंमत विचारलीस ना? ट्रान्सम भरीव, तेल स्वच्छ आणि कागद पुरे निघाले तर मागितलेली रक्कम जास्त नाही, थोडी खाली येईल. पण जागा ठरल्याशिवाय बोलणी नकोत. रेवसच्या एका वाडीत मी विचारून ठेवलंय, पत्र्याखाली एक गाळा रिकामा आहे. रविवारी जाऊन बघू.

शनिवारी सकाळी सातला मी धक्क्यावर येतो. बरणी आणि टॉर्च तू आण, बाकीची अवजारं माझ्याकडे आहेत. विकणाऱ्याला फक्त एक निरोप दे, आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्या किल्लीला कसं उठतं ते मला तुझ्यासमोर ऐकायचं आहे.

तुझा,
काका