दोन मुलं, दोन वेगळ्या शाळा: चालेल का?

परदेशी बदली झाली की माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बहुतेक आईबाबांचा पहिला प्रश्न असतो, "मुलांना इंटरनॅशनल स्कूलमध्ये घालायचं की तिथल्या सरकारी शाळेत?" मी उलट विचारते, किती वर्षांसाठी जाताय, आणि फी कोण भरणार?

पिंपरी-चिंचवडच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वडील इंजिनिअर, म्युनिकला दोन वर्षांची नेमणूक, पुढे मुदत वाढण्याची शक्यता. मुलगी सीबीएसईची आठवी झालेली, मुलगा पहिली. दोघांना एकाच इंटरनॅशनल स्कूलमध्ये घालायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. इंग्रजी माध्यम, ओळखीचं वातावरण, शिवाय पहिली दोन वर्षं फी कंपनी भरणार.

मला काळजी वाटली ती धाकट्याची. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच. त्या वर्षी मे महिन्यात मिळणाऱ्या प्रगतिपुस्तकात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल, तर मूल थेट गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जाऊ शकतं. (तिथे १ म्हणजे सर्वांत चांगला शेरा.) नंतरही वाटा उघडतात, पण त्या लांबच्या असतात. मुलगा दोन वर्षं इंग्रजीत शिकला आणि मग फी थांबली, तर तो थेट चौथीत येणार. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू, मेमध्ये निकाल, आणि जर्मन जेमतेम! म्युनिकमध्ये इंटरनॅशनल स्कूलची फी वर्षाला २०,००० युरोंच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. दोन मुलांची फी पगारातून भरणं त्यांना शक्य नव्हतं. सरकारी शाळेत फी नाही, आणि सात वर्षांचं मूल खेळता खेळता भाषा उचलतं. त्याला पहिल्या दिवसापासून जवळच्या सरकारी शाळेत घाला, असं मी स्पष्ट सांगितलं. आई घाबरली. "त्याला तिथे काहीच कळणार नाही हो!" पहिले काही महिने नाहीच कळणार. तो चिडेल, शाळेत गप्प बसेल. त्याची तयारी मुलापेक्षा आईबाबांनी जास्त करावी लागते.

ताईचं गणित वेगळं. तिच्याशी मी एकटीशी बोलले, कारण तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. "मला लहान मुलांसारखं अ-आ-इपासून शिकायला लागणार का?" हीच तिची भीती. तेराव्या वर्षी जर्मनमधून इतिहास-विज्ञान शिकणं खरंच जड जातं, त्यामुळे तिच्यासाठी इंटरनॅशनल स्कूल योग्य होती. सीबीएसईत नववी-दहावी हा सलग दोन वर्षांचा अभ्यासक्रम असल्याने अधेमधे परतणं त्रासाचं झालं असतं. दोन वर्षं पूर्ण करून अकरावीला परतणं सोपं, फक्त शाळा दहावीअखेर आयजीसीएसईसारखी (दहावीच्या पातळीची आंतरराष्ट्रीय परीक्षा) बाहेरची परीक्षा घेते का, हे प्रवेशाआधी विचारायचं. मुक्काम वाढलाच तर आयबी डिप्लोमा, म्हणजे इंटरनॅशनल स्कूलमधला शेवटच्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम, भारतात बारावीच्या समकक्ष धरला जातो. इंजिनिअरिंगला यायचं असेल तर विषय मात्र आधीच बघून घ्यायचे.

दोघं वेगळ्या शाळांत गेले तर सुट्ट्या जुळणार नाहीत, सकाळी धावपळ होईल, ही वडिलांची अडचण खरी होती. त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता, आणि तसं मी त्यांना सांगितलं. तरी त्यांनी हाच मार्ग निवडला. करारावर सही करण्याआधी त्यांनी कंपनीकडे लेखी मागणी केली: दोघांची दोन वर्षांची फी देण्याऐवजी एकट्या मुलीची चार वर्षांची द्या. कंपनीने तीन वर्षं कबूल केली.