झेडएल-१, बॉस ४२९, हेमी कुडा: किंमत आणि संख्या ताडून कशी पाहायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९६९-७० च्या या मसल कार (म्हणजे दणकट मोठ्या इंजिनाच्या अमेरिकन गाड्या) कागदावर जवळपास सारख्या ताकदीच्या होत्या, तरी एकीच्या, झेडएल-१ कॅमारोच्या, ६९ निघाल्या आणि दुसरीच्या, एलएस-६ शेव्हेलच्या, साडेचार हजारांच्या घरात. असं का? आणि त्यांची तुलना करायची ती कशी?

आधी पूर्ण गाडीची किंमत बाजूला ठेवा. त्या काळी डेट्रॉइटमध्ये, म्हणजे अमेरिकन मोटार उद्योगात, मोठं इंजिन हा ऑप्शन असायचा. साधी गाडी निवडायची आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो यादीत एकेक खूण करून मागवायचा. म्हणून नुसत्या इंजिनासाठी किती डॉलर जादा पडत होते ते बघा. संख्येचं कोडं बरंचसं तिथेच सुटतं.

सगळ्यात स्वस्त सौदा शेव्हरोले शेव्हेलचा. १९७० साली जनरल मोटर्सने मध्यम आकाराच्या गाड्यांच्या इंजिनावरची ४०० घनइंचांची मर्यादा उठवली (४५४, ४२६, ४२७ हे पुढचे आकडेही इंजिनाचे घनइंचच). एसएस ४५४ पॅकेजचे ५०३.४५ डॉलर, त्यावर २६३.३० भरले की ४५० अश्वशक्तीचं एलएस-६ मिळायचं. ४,४७५ निघाली. प्लिमथची कुडा हार्डटॉप ३,१६४ डॉलरला होती आणि तिच्या सगळ्यात मोठ्या ताकदीच्या इंजिनाचे, ४२६ हेमीचे, ८७१.४५ वेगळे. त्याच गाडीत तीन कार्ब्युरेटरचं ४४० फक्त २४९.५५ मध्ये मिळत होतं. रस्त्यावर ते हेमीच्या फार मागे पडत नसे, आणि हेमीचे दोन चार-बॅरल कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवून ठेवण्याची कटकटही त्याला नव्हती. त्यात तरुण गिऱ्हाइकांना विमा कंपन्या जबर हप्ता लावू लागल्या होत्या. हेमी कुडा १९७० साली ६५२ हार्डटॉप आणि १४ कन्व्हर्टिबल एवढ्यावर थांबली यात नवल नाही.

झेडएल-१ हे या हिशोबाचं टोक. इलिनॉयमधल्या ला हार्प गावचे डीलर फ्रेड गिब यांनी ड्रॅग रेसिंगसाठी (सरळ पट्टीवरच्या शर्यतीसाठी) कोपो ९५६० या खास ऑर्डरखाली शेव्हरोलेच्या ५० कॅमारो मागवल्या, कारण ड्रॅग रेसिंगची संस्था एनएचआरएच्या सुपर स्टॉक वर्गाला तेवढ्या गाड्यांची अट होती. इंजिन पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं ४२७, आणि त्या एका इंजिनाची किंमत ४,१६०.१५ डॉलर. व्ही-८ कॅमारो २,७२७ ला मिळत होती, म्हणजे इंजिन गाडीच्या दीडपट! एकूण बिल ७,२०० च्या आसपास गेलं. त्याच वर्षी कॉर्व्हेट कन्व्हर्टिबल ४,४३८ पासून होती. गिब यांच्याकडच्या बऱ्याच गाड्या खपल्या नाहीत. त्या परत जाऊन इतर डीलरांकडे वाटल्या गेल्या. याउलट बिडाच्या ब्लॉकचं ४२७, कोपो ९५६१, अवघ्या ४८९.७५ मध्ये मिळत होतं आणि अधिकृत आकड्यात त्याची ताकद फक्त ५ अश्वशक्तीने कमी होती. अ‍ॅल्युमिनियमने पुढचं वजन घटायचं. त्याचा उपयोग शर्यतीच्या पट्टीवर, रोजच्या वापरात नाही. ६९ हा आकडा म्हणजे मुद्दाम राखलेली दुर्मिळता नव्हे, न परवडणारी किंमत होती.

फोर्डच्या बॉस ४२९ मस्टँगला मात्र हा नियम लागू होत नाही. इंजिनाचे १,२०८ डॉलर, म्हणजे हेमीहून महाग, तरी १९६९ साली साधारण साडेआठशे आणि १९७० साली ४९९ गाड्या निघाल्या. कारण नॅसकारमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींत, हे इंजिन चालवायचं तर किमान ५०० रस्त्यावरच्या गाड्यांत ते विकणं फोर्डला भाग होतं. गंमत म्हणजे शर्यतीत ते मस्टँगमध्ये नव्हे, फोर्डच्याच टोरिनो आणि मर्क्युरी सायक्लोन या गाड्यांमध्ये धावलं. मस्टँगच्या बॉनेटखाली ते मावत नव्हतं, म्हणून मिशिगनमधल्या ब्रायटनला कार क्राफ्ट या कंपनीकडे प्रत्येक गाडीचे शॉक टॉवर (पुढच्या सस्पेन्शनचे आधार) बदलले जात आणि बॅटरी डिकीत हलवली जाई. प्लिमथच्या सुपरबर्ड या शर्यतीसाठी काढलेल्या गाडीचंही तसंच: १९७० च्या नियमाप्रमाणे दर दोन डीलरांमागे एक गाडी बनवावी लागली, १,९०० हून अधिक निघाल्या, आणि कित्येक शोरूममध्ये पडून राहिल्या. तेव्हा संख्या मागणीने ठरली की नियमाने, हे आधी विचारा.

दर ताडताना सक्तीचे ऑप्शन विसरू नका. १९६९ ची कॅमारो झेड/२८ पाहा: २,७२७ अधिक ४५८ म्हणजे ३,१८५, आणि मस्टँग बॉस ३०२ सुमारे ३,५८८. झेड/२८ चारशेने स्वस्त वाटते. पण तिला फोर-स्पीड गिअरबॉक्स (१९५.४०) आणि पॉवर डिस्क ब्रेक (६४.२५) घ्यावेच लागत, बॉस ३०२ मध्ये ते किमतीतच होते. खरा फरक दीडशेच्या आत येतो.

आकड्याचं एककही तपासा. एलएस-६ च्या ४,४७५ मध्ये हार्डटॉप, कन्व्हर्टिबल आणि एल कॅमिनो (शेव्हेलचं पिकअप रूप) तिन्ही आले, तर कुडाचे ६५२ फक्त हार्डटॉप. हे दोन आकडे शेजारी ठेवणं चूक आहे.

आज किंमत लावताना कागदपत्रं संख्येपेक्षा जास्त मोलाची. प्लिमथ-डॉजच्या चेसिस नंबरात पाचवं अक्षर इंजिनाचं असतं: ‘आर’ म्हणजे ४२६ हेमी. फोर्डमध्येही पाचवंच: ‘झेड’ म्हणजे बॉस ४२९, ‘जी’ म्हणजे बॉस ३०२, शिवाय १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांचा मार्टी रिपोर्ट (फोर्डच्या नोंदींवरून दिलेला त्या गाडीचा तपशील) मिळतो. शेव्हरोलेचा चेसिस नंबर त्या वर्षांत फक्त व्ही-८ आहे एवढंच सांगतो, त्यामुळे नकली एलएस-६ सगळ्यात जास्त बनतात. तिथे मूळ बिल्ड शीट (गाडीत कारखान्यात काय बसवलं त्याची यादी) मागा. शेव्हेलमध्ये ती बरेचदा पेट्रोलच्या टाकीवर अडकलेली सापडते. मग इंजिनाच्या उजव्या हेडपुढचा पॅड (नंबर ठोकलेला सपाट भाग) बघा: एलएस-६ असेल तर फोर-स्पीडला ‘सीआरव्ही’, ऑटोमॅटिकला ‘सीआरआर’, आणि शेजारी त्याच गाडीच्या चेसिस नंबरातले आकडे. पॅडवर कारखान्यातल्या मशीनिंगच्या बारीक समांतर रेघा दिसायला हव्यात. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर ब्लॉक घासून नंबर नव्याने ठोकलेला असू शकतो; अशा वेळी बाकी कागद मिळेपर्यंत त्या गाडीला साध्या एसएस शेव्हेलचाच भाव लावा.