कंपनीने उत्तर कोणाला द्यायचे? कायद्याच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

कॉर्पोरेट उत्तरदायित्वाच्या कायद्यात एलएल.एम. करण्यासंबंधी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी कोल्हापूरला एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षात शिकते. पुढे कंपन्यांच्या उत्तरदायित्वाचा कायदा हा विषय घेऊन एलएल.एम. करावे असा विचार आहे. परंतु कंपनी कायद्याचे कलम १३५ वाचले की हा विषय संपतो, त्यासाठी वर्ष घालवू नये, असे आमच्या एका सरांचे मत आहे. आपण काय सांगाल?

उत्तर : कलम १३५ वाचायला अर्धा तास पुरतो, इथपर्यंत तुमच्या सरांशी मी सहमत आहे. कंपनी कायदा, २०१३ मधील हे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत (यादीत) दिलेल्या समाजोपयोगी कामांवर खर्च करावी, असे ते सांगते. यालाच सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी, म्हणतात. सुरुवातीची काही वर्षे, खर्च न झाल्यास त्याचे कारण संचालकांच्या अहवालात नमूद करणे पुरेसे असे. जानेवारी २०२१ पासून मात्र न खर्चलेली रक्कम ठरवून दिलेल्या निधीत किंवा स्वतंत्र खात्यात वर्ग करणे बंधनकारक झाले आणि तसे न करणाऱ्यास दंडाची तरतूद आली.

आता याच कलमाखालचे नियम बारकाईने वाचा. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेले काम किंवा तिच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम सीएसआर म्हणून धरले जात नाही. एखादी कंपनी शेजारच्या गावात शाळेची इमारत बांधून देत असेल आणि तिच्याच गोदामातील कंत्राटी हमालाला किमान वेतन मिळत नसेल, तर या दुसऱ्या गोष्टीला कलम १३५ स्पर्शही करत नाही. झालेल्या नफ्यातला वाटा समाजाला कसा द्यावा, एवढेच ते सांगते. तो नफा मिळवताना कोणाचे नुकसान झाले आणि ते कोणी भरून द्यावे, हे ठरवणारा कायदा अनेक अधिनियमांत आणि निवाड्यांत विखुरलेला आहे, आणि पदव्युत्तर पातळीवर अभ्यासायचा आहे तो हाच.

सुरुवात त्याच अधिनियमाच्या कलम १६६ पासून करा. संचालकाने सद्भावनेने, भागधारकांबरोबरच कर्मचारी आणि समाज यांचे हित पाहून व पर्यावरणाच्या रक्षणासाठी काम करावे, असे त्याच्या दुसऱ्या पोटकलमात म्हटले आहे. इंग्लंडच्या २००६ च्या कंपनी कायद्यातील कलम १७२ याच्या शेजारी ठेवून वाचा. तिथे कंपनीचे यश भागधारकांच्या लाभासाठी साधायचे असते आणि ते साधताना कर्मचारी, समाज व पर्यावरण यांचा विचार करायचा असतो. आपल्याकडे हे सर्वजण एकाच ओळीत, वरकरणी तरी समान दर्जाने बसवले आहेत. पण हे कर्तव्य मोडले तर कर्मचारी किंवा गावकरी संचालकाला न्यायालयात खेचू शकतो का? कलम त्याविषयी काही बोलत नाही. या एका प्रश्नावर उत्तम लघुप्रबंध होऊ शकेल.

त्यानंतर भोपाळ. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्रीविषयी आपण सगळे ऐकून आहोत, परंतु विधी शाखेच्या विद्यार्थ्याने त्यापुढची वर्षे कागदपत्रांतून वाचली पाहिजेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीत अमेरिकी मूळ कंपनीचा हिस्सा निम्म्याहून किंचित अधिक होता. पीडितांच्या वतीने भारत सरकारने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा नेला आणि १९८६ मध्ये न्यायाधीश जॉन कीनन यांनी तो भारतातच चालावा असे म्हणून काढून टाकला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे अंतिम निकालानंतरची शेवटची दुरुस्ती याचिका, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. दरम्यान, दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवती यांच्या खंडपीठाने निरपवाद दायित्वाचा सिद्धान्त मांडला होता. धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला नुकसानीच्या जबाबदारीतून कोणताही अपवाद दाखवून सुटता येणार नाही, आणि उद्योग जितका मोठा व सधन तितकी भरपाई अधिक, असा तो सिद्धान्त आहे. तत्त्व इतके स्पष्ट असताना भोपाळच्या पीडितांना ते पुरे का पडले नाही, याचे उत्तर मूळ कंपनी आणि उपकंपनी यांच्यामध्ये कायद्याने उभ्या केलेल्या भिंतीत शोधावे लागते.

त्या भिंतीला फट कशी पडते हे इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ मधील वेदांत विरुद्ध लुंगोवे या निवाड्यात दिसते. झांबियातील तांब्याच्या खाणीमुळे पाणी आणि जमीन दूषित झाल्याची तक्रार घेऊन तिथले सुमारे १,८०० गावकरी लंडनमधील मूळ कंपनीविरुद्ध इंग्लंडच्या न्यायालयात गेले. उपकंपन्यांच्या पर्यावरणविषयक कारभारावर आमची देखरेख आहे, असे कंपनीने स्वतःच्या प्रकाशित कागदपत्रांत लिहिले होते. जी मूळ कंपनी अशी देखरेख करत असल्याचे जगाला सांगते, तिच्यावर प्रत्यक्षात देखरेख न केल्याबद्दलही जबाबदारी येऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले आणि खटला तिथे चालवण्यास वाव दिला. कंपनीचा गुळगुळीत कागदावर छापलेला वार्षिक अहवाल हा पुरावा असतो, हे मला या निवाड्याने शिकवले आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही मी ते दरवर्षी सांगते.

आपल्याकडेही असा पुरावा आता दरवर्षी तयार होतो. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना सेबी या बाजार नियामक संस्थेच्या आदेशानुसार २०२२-२३ पासून व्यवसायातील जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल, म्हणजे बीआरएसआर, देणे सक्तीचे आहे. तो नऊ तत्त्वांवर उभा आहे. तिसरे तत्त्व पुरवठा साखळीतील कामगारांसह सर्व कर्मचाऱ्यांच्या हिताविषयी, पाचवे मानवी हक्कांविषयी आणि सहावे पर्यावरणाविषयी आहे. तुमचे सर ज्याला संपूर्ण विषय समजतात तो सीएसआर आठव्या तत्त्वाच्या एका भागात बसतो. प्रवेश घेण्यापूर्वी कोल्हापूर-सांगली पट्ट्यातील एका सूचिबद्ध कंपनीचा हा अहवाल संपूर्ण वाचून पाहा. वाचताना मनात प्रश्न उभे राहत असतील तर हा विषय तुमचा आहे.

प्रश्न : मी ठाण्याला एका कंपनीत कंपनी सेक्रेटरी आहे. माझ्याकडे विधी शाखेची पदवी नाही. मला थेट एलएल.एम. करता येईल का?

उत्तर : भारतात नाही. एलएल.एम.साठी आधी विधी पदवी लागते, आणि ती दूरस्थ शिक्षणाने घेता येत नाही. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी राज्याची सीईटी द्यावी लागते, आणि नोकरी सांभाळून वर्गातील उपस्थिती भरून काढणे किती कठीण जाते याचा अंदाज आधीच घ्या. सीएसआर व बीआरएसआरचे काम समजून घेणे एवढाच हेतू असेल, तर केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या अखत्यारीतील मानेसर येथील संस्थेचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम तुम्हाला पुरेसे ठरतील. न्यायालयात उभे राहायची इच्छा असेल तरच तीन वर्षे द्या.

प्रश्न : माझी मुलगी यंदा एलएल.बी. झाली. याच विषयात तिला इंग्लंडला एक वर्षाचे एलएल.एम. करायचे आहे. त्यासाठी नाशिकचे राहते घर तारण ठेवावे लागेल. बाहेरच्या पदवीचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : वडील म्हणून तुमची घालमेल मी समजू शकते, म्हणून स्पष्टच लिहिते. आत्ता घर तारण ठेवू नका. तिला दोन वर्षे काम करू द्या. एखाद्या वकिलांच्या संस्थेत, कामगार न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाकडे किंवा कंपनीच्या विधी विभागात ती राहिली, तर परदेशात कोणता प्रश्न घेऊन जायचे हे तिचे तिलाच कळेल. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीलाही साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षे मायदेशी राहण्याची तिची अट आहे. तुम्ही अनुसूचित जातीत मोडत असाल तर राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची चौकशी अवश्य करा.

उपयोगाचे म्हणाल तर तो तिच्या प्रश्नावर अवलंबून आहे. फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर उपकंपन्या व पुरवठादारांकडे लक्ष ठेवण्याचे कर्तव्य घातले. जर्मनीचा पुरवठा साखळीविषयक कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्याच धर्तीचा निर्देश संमत केला, पण वर्षभरातच त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली. भारतातून युरोपला माल पाठवणाऱ्या कारखान्यांवर या कायद्यांचा काय परिणाम होतो हे शिकायचे असेल, तर तिथे जाण्यात अर्थ आहे. भारतीय न्यायालयांतील काम करायचे असेल तर इथले शिक्षण पुरे आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत क्लॅट-पीजी या प्रवेश परीक्षेमधून एक वर्षाचे एलएल.एम. होते, तर मुंबई आणि पुणे विद्यापीठांत दोन वर्षांचे. अनेकांना एक वर्षाचे सोयीचे वाटते. मला या विषयासाठी दोन वर्षांचे अधिक योग्य वाटते, आणि त्याचे कारण पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातला आहे. आई-वडील ऊसतोडीला जातात, लहानपणी मीही त्यांच्याबरोबर कोपीत, म्हणजे तोडणी मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, राहिलो आहे. एलएल.एम.चा लघुप्रबंध याच विषयावर करावा असे वाटते, पण हा 'कॉर्पोरेट' विषय नव्हे, समाजकार्याचा आहे, असे मार्गदर्शक म्हणतात.

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. हा विषय सोडू नका. मार्गदर्शकांना तो कायद्याच्या भाषेत मांडून दाखवा, म्हणजे त्यांची हरकत राहणार नाही.

मांडणी अशी करता येईल. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा मध्यस्थ, उचल (आगाऊ रक्कम) देतो, त्या उचलीवर नवरा-बायकोचा एक कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, ठरतो, मुकादमाचा करार वाहतूकदाराशी किंवा कारखान्याशी असतो, आणि कारखाना म्हणतो की फडातला मजूर आमचा नाही. कारखान्याची साखर व्यापाऱ्याकडे जाते, तिथून शीतपेये, बिस्किटे आणि औषधे बनवणाऱ्या कंपन्यांकडे, ज्यांपैकी अनेक सूचिबद्ध आहेत आणि बीआरएसआरमध्ये पुरवठा साखळीतील मानवी हक्कांविषयी दरवर्षी काहीतरी लिहितात. या साखळीच्या प्रत्येक कडीवर कायदा कोणाला उत्तरदायी धरतो आणि कुठे हात आखडता घेतो, हा तुमचा प्रश्न आहे. यात एक गाठ लक्षात ठेवा. सहकारी कारखाना सहकारी संस्थांच्या कायद्याखाली नोंदलेला असतो, तो 'कंपनी' नसतो, त्यामुळे कलम १३५ त्याला लागूच होत नाही. एकाच तालुक्यातील सहकारी आणि खासगी कारखान्यांची तुलना केलीत तर हा फरक ठळकपणे समोर येईल.

निवाड्यांपैकी १९८२ चा, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांचा, म्हणजे एशियाड कामगारांचा खटला तुमच्यासाठी अनमोल आहे. तिथे कंत्राटदार मजुरीचे पैसे जमादारांकडे देत, आणि जमादार दिवसाच्या सव्वानऊ रुपयांतून एक रुपया कापून मजुराच्या हातावर सव्वाआठ ठेवत. जमादाराच्या जागी मुकादम ठेवून वाचा. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही घटनेच्या अनुच्छेद २३ खालची सक्तीची मजुरी आहे, आणि हा अनुच्छेद खासगी व्यक्तींविरुद्धही चालतो, असे न्यायालयाने म्हटले. त्याबरोबर वेठबिगारी निर्मूलनाचा १९७६ चा कायदा आणि बंधुआ मुक्ती मोर्चाचा १९८४ चा निवाडा वाचा. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जाता येत नाही, ही बाब त्या कायद्यातील व्याख्येत कितपत बसते, यावर एक पूर्ण प्रकरण लिहा.

क्षेत्रीय कामासाठी गाळपाचा एक संपूर्ण हंगाम लागतो. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात हा काळ वर्ग आणि परीक्षांखाली जातो, म्हणून मी दोन वर्षांची शिफारस करते. तोडणी-वाहतुकीचे मराठीतील करारनामे मिळवा. त्यांतील उचल, कमिशन आणि वसुलीची कलमे एकेक करून तपासा, कारण इंग्रजीतून संशोधन करणाऱ्यांच्या हाती हे कागद सहसा लागत नाहीत. २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला आणि शासनाने समिती नेमली, ते कामकाजही पाहा.

मुलाखती घेताना कोणाचेही नाव, गाव किंवा कारखाना ओळखू येईल असे काही लिहू नका. पुढच्या हंगामात त्या माणसाला त्याच मुकादमाकडे उचल मागायला जायचे असते. आई-वडिलांशी बोललात तर त्यांचीही संमती इतरांसारखीच रीतसर घ्या, आणि ते सांगायला तयार नसलेल्या गोष्टी प्रबंधाबाहेर ठेवा. आराखडा तयार झाला की या सदराच्या पत्त्यावर पाठवा, मी तो वाचून माझ्या सूचना कळवीन.